हिवाळ्यापूर्वी टायरची जन्मतारीख वाचा

पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले, की आपल्या घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. लग्नसराई असते, गावाकडची फेरी असते, ६ डिसेंबर असतो. एके काळी एस.टी.च्या थांब्यावर रात्र काढणारी आपली माणसे आता, हप्ते फेडून का होईना, स्वतःच्या लहानशा गाडीतून जाऊ लागली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु गाडी घेताना आपण दहा जणांना विचारतो आणि टायर घेताना मात्र फक्त भाव विचारतो. आमच्या घराने या चुकीची किंमत मोजली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे धाकटे बंधू नगरपालिकेत कामगार आहेत. पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी एक जुनी गाडी घेतली. २०२३ च्या नोव्हेंबरात मागचे दोन्ही टायर पार गोटा झाले. रस्त्याकडेच्या एका दुकानात वापरलेले टायर विकायला होते. नव्या टायरला तीन हजार, जुन्याला आठशे. खाचा खोल होत्या, रबर काळेभोर चमकत होते. "भाऊ, ऑल सीझन टायर आहे. ऊन, थंडी, पाऊस, कशालाही चालेल," असे दुकानदाराने सांगितले. बंधूंनी दोन टायर बसवून घेतले. चार हजार चारशे रुपये वाचले, म्हणून घरात सगळे खूश होते.

डिसेंबरात एका पहाटे पाच वाजता नाशिकहून सगळे निघाले. गाडीत मोठी पाच माणसे, दोन मुले आणि डिकीत तांदळाचे पोते. सिन्नर मागे पडले आणि मागचा डावा टायर फुटला. गाडी गिरकी घेऊन रस्त्याकडेच्या चरात गेली. जीव वाचले, पण भावजयीचा उजवा हात मोडला. ती घरी शिवणकाम करते. तीन महिने तिचे यंत्र बंद राहिले. वाचवलेले चार हजार चारशे रुपये दवाखान्याच्या पहिल्याच दिवशी संपले.

पुढे आमच्या ओळखीच्या पंक्चरवाल्या काकांनी तो फाटका टायर उलटा करून मला दाखवला. कडेवर चार आकडे कोरलेले होते : ३११३. काका म्हणाले, "ताई, खाचा काय बघता? हा दहा वर्षांचा म्हातारा आहे."

चार आकड्यांचा अर्थ

बहुतेक टायरच्या कडेवर इंग्रजीत डीओटी ही अक्षरे असतात व त्यापुढे एक लांबलचक खूण असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३११३ म्हणजे २०१३ सालचा एकतिसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात. बाहेरून दिसले नाहीत, तर आतली बाजू पाहावी.

रबर हे वापरले नाही तरी म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांनी ते आतून कडक होत जाते. मग त्याला बारीक चिरा पडतात व आतल्या तारांवरची त्याची पकड सुटू लागते. वरून काळे पॉलिश मारले, की हे काहीच दिसत नाही. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की खाचा कितीही शिल्लक असल्या तरी तो काढून टाकावा, असे मोठे टायर उत्पादकही सांगतात. आपल्याकडच्या उन्हात तर त्याआधीच बदललेला बरा.

"ऑल सीझन" हा शब्द कोठला?

हा शब्द बर्फाच्या देशांतून आला. साधारण सात अंशांखाली तापमान गेले, की उन्हाळी टायरचे रबर ताठ होते व रस्त्यावरची पकड सुटते. म्हणून तिकडे हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर असतात आणि दोहोंच्या मधला तो ऑल सीझन. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर गाडी काढायची, तर टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे नुसती एम प्लस एस ही अक्षरे पुरत नाहीत. आपला एखादा मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त तिकडे असेल, तर त्यांना ही डोंगराची खूण पाहूनच ऑल सीझन टायर घ्यायला सांगा.

महाराष्ट्राची गोष्ट वेगळी आहे. निफाडला किंवा विदर्भात एखाद्या पहाटे पारा फार खाली जातो, पण ऊन वर आले की रस्ता तापतो. येथे मिळणारा चांगला साधा टायर आपल्या तिन्ही ऋतूंना पुरतो. तेव्हा ऑल सीझन या शब्दाला भुलू नका व त्यासाठी जादा पैसेही मोजू नका.

थंडीत हवा कमी होते

हिवाळ्याचा खरा संबंध आहे तो हवेशी. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले, की टायरमधील हवा सुमारे एक पाऊंड कमी होते. ऑक्टोबरच्या पस्तीस अंशांच्या दुपारी हवा बरोबर भरली असेल, तर डिसेंबरच्या बारा अंशांच्या पहाटे ती चार पाऊंड कमी भरते, टायरला भोक नसतानाही! बंधूंनी ऑक्टोबरनंतर हवा तपासलीच नव्हती.

"हवा थोडी कमी ठेवली की टायर फुटत नाही," हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. तो धोक्याचा आहे. हवा कमी असली, की टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतात, दुमडून तापतात आणि तापून फुटतात. गाडीत माणसे जास्त असतील तर आणखी लवकर. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. अशा सरळ रस्त्यावर गाडी तासन् तास एकाच वेगात धावते व टायरला निवायला वेळच मिळत नाही. दारावरच्या चिकटपट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत किती पाऊंड हवा हवी ते दिलेले असते. तेवढीच भरा आणि तीही सकाळी, टायर थंड असताना.

दुकानात जाताना

१. जुन्या टायरवरचा आकार लिहून घ्या व तो पुस्तिकेशी ताडून पाहा. उदाहरणार्थ, १४५/८० आर १२ म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १२ इंची.

२. आकारापुढचा आकडा वजनाचा. ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलो. पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नये.

३. टायर नवा असला तरी चार आकडे वाचा. वर्षाच्या आतला मागा.

४. आयएसआय खूण पाहा आणि पक्के बिल घ्या. बिलाशिवाय तक्रार करणे अवघड जाते.

५. दोनच नवे टायर घेणार असाल, तर ते मागे बसवा. मागची पकड सुटली, की गाडी गिरकी घेते.

६. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झिजून टायर त्यांच्या पातळीला आला, की खाच १.६ मिलिमीटर उरली असे समजा. मोटारीसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे.

७. स्टेपनीचीही जन्मतारीख वाचा.

पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. चार टायरना बारा हजार धरले व ते पाच वर्षे चालवायचे ठरवले, तर महिन्याला दोनशे रुपये होतात. पेट्रोलच्या पैशांबरोबर तेवढे वेगळ्या डब्यात टाकत जावे. तेही एखाद्या वर्षी जमले नाही, तर गाडी घरी ठेवून एस.टी.ने जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

भावजयीचा हात आता बरा आहे, पण थंडीत अजून दुखतो. त्यांची मुलगी सहावीत आहे. गाडी बाहेर काढण्यापूर्वी चारही टायरचे आकडे ती वाचते आणि वहीत मांडते. आपल्याही घरात वाचता येणारी मुले आहेत. आज संध्याकाळी त्यांना गाडीपाशी न्या, टायरवरचे आकडे वाचायला सांगा. दुकानदाराचा शब्द ऐकून घ्यावा, पण विश्वास ठेवावा तो स्वतः वाचलेल्या अक्षरावर.