निन्जाच्या खेळात हरण्याला अर्थ असतो

मुले तासन् तास कोणत्या व्हिडिओ गेममध्ये गुंतली आहेत, हे घरातल्या मोठ्यांना बहुधा ठाऊक नसते. पडद्यावर तलवार फिरताना दिसली की आपण म्हणतो, "नुसती मारामारी!" पण हे खेळ आतून कसे चालतात ते समजून घेतले, तर मुलांशी बोलणे सोपे जाते. ‘निन्जा गायडेन’ ही जपानी मालिका त्यासाठी चांगले उदाहरण आहे.

टेक्मो कंपनीने ही मालिका १९८८ मध्ये सुरू केली. नायक र्‍यू हायाबुसा. वडील चांदण्या रात्री एका द्वंद्वाला जातात आणि परतत नाहीत. मुलगा त्यांच्या शोधात घराण्याची तलवार घेऊन निघतो. दोन टप्प्यांच्या मध्ये चित्रांतून कथा पुढे सरकते. त्या काळच्या घरगुती गेममध्ये ही गोष्ट नवी होती.

हा खेळ अवघड म्हणून प्रसिद्ध झाला. शत्रूचा फटका बसला की र्‍यू मागे फेकला जातो, आणि मागे अनेकदा खड्डा असतो. ससाणे नेमके उडी मारायच्या वेळी अंगावर येतात. अखेरच्या लढतीत हरलात, तर संपूर्ण सहावा अंक पुन्हा खेळावा लागतो. मात्र शत्रू ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने येतात. त्यामुळे प्रत्येक हारीतून पुढच्या खेपेला उपयोगी पडेल असे काहीतरी कळते.

२००४ मध्ये टीम निन्जाने मालिका नव्या रूपात आणली. इथे जो खेळाडू बटणे नुसती बडवतो, तो पहिल्याच मोठ्या लढतीत आडवा होतो. आधी बचाव करायचा, समोरच्याचा वार संपू द्यायचा, मग आपला वार करायचा. पडलेल्या शत्रूतून रंगीत प्रकाशगोळे निघतात. निळा गोळा जखम भरतो, पिवळ्याने दुकानात खरेदी करता येते. तेच गोळे तलवारीत ओढून घेतले, तर एक जबरदस्त वार करता येतो. जखम भरायची की ताकद वापरायची, हे क्षणात ठरवावे लागते. २००५ च्या ‘ब्लॅक’ आवृत्तीत सुरुवातीलाच वारंवार हरणाऱ्याला सोपा प्रकार देऊ केला जातो, पण त्याचे नाव ‘निन्जा डॉग’! तो स्वीकारला की र्‍यूच्या दंडाला रंगीत फीत बांधली जाते. पोरे चिडतात आणि अवघडच खेळतात.

कथेचे साचे मात्र ठरलेले आहेत: जळलेले गाव, वडिलांचा सूड, शापित तलवार, राक्षसांची फौज आणि एकटा नायक. इतिहासातला निन्जा वेगळा होता. जपानच्या इगा आणि कोका भागांतली ही माणसे मुख्यतः हेर होती. व्यापारी किंवा भिक्षूच्या वेशात वावरायचे, बातमी काढायची आणि लढाई टाळून जिवंत परतायचे, हे त्यांचे काम. १६७६ मध्ये लिहिलेल्या ‘बान्सेन्शूकाई’ या ग्रंथात ही विद्या नोंदवली आहे. खरा निन्जा गर्दीत ओळखू येत नसे. खेळातला दुरूनच ओळखू येतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २००४ पासूनच्या मुख्य खेळांत रक्तपात भरपूर आहे. अमेरिकेत त्यांना सतरा वर्षांपुढचे मानांकन मिळाले आहे. लहान भावंडांसमोर हे खेळ नकोत, आणि विकत घेताना वेष्टनावरचे वय अवश्य पाहावे. दुसरे म्हणजे, मोठा मुलगा हे खेळत असेल तर "किती मारलेस?" असे विचारू नका. "कुठे अडलास, आणि तिथून पुढे कसा गेलास?" असे विचारा. धीर, निरीक्षण आणि वेळ साधणे या गोष्टी तो तिथे शिकत असेल, तर उत्तर देताना त्याला थांबवणे कठीण जाईल. आणि सांगण्यासारखे काही नसेल, तर तेही अम्मी-अब्बांना लगेच कळेल.