नेटवर्क तुटल्यावर काय होतं?

जेम्स टॅम्पलिन आणि अँड्र्यू ली यांची ‘एन्व्हॉल्व’ ही कंपनी वेबसाइटवाल्यांना आयती चॅटची सोय पुरवायची. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की काही ग्राहक त्यातून गप्पा मारतच नाहीत. गेम बनवणारी मंडळी सगळ्या खेळाडूंच्या पडद्यावरचा खेळ जुळता राहावा म्हणून चॅटच्या निरोपांतून गेमची माहिती इकडून तिकडे पाठवत होती. म्हणजे लोकांना हवी होती ती चॅटमागची यंत्रणा. ती वेगळी काढून या दोघांनी २०११ मध्ये फायरबेस ही कंपनी सुरू केली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ती गूगलने विकत घेतली.

पूर्वी ब्राउझरला ताजी माहिती हवी असली, की तो सर्व्हरला दर काही सेकंदांनी विचारत बसायचा: नवीन काही आलं का? डिसेंबर २०११ मध्ये प्रमाण ठरलेल्या वेबसॉकेटने एकदा जोडलेली वाट दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली. डेटाबेसमध्ये बदल झाला, की सर्व्हर स्वतःहून कळवू लागला.

वाट उघडी असते तोवर सगळं सोपंच असतं. पण मोबाइल लिफ्टमध्ये शिरतो, बोगद्यात जातो, वायफायवरून डेटावर येतो. क्लायंट लायब्ररीचं, म्हणजे ॲपमध्ये बसवलेल्या त्या तयार कोडचं, खरं कसब तेव्हा दिसतं.

रेंज नसताना कुणी ‘निघालो’ असा मेसेज पाठवला असं समजा. लायब्ररी तो आधी फोनमध्येच नोंदवते आणि पडद्यावर लगेच दाखवते. सर्व्हरकडे जायच्या रांगेत तो उभा राहतो. फायरस्टोअर या फायरबेसच्या नंतरच्या डेटाबेसमध्ये ही फोनमधली साठवण अँड्रॉइड आणि आयफोनवर आपोआप चालू असते, वेबवर मात्र मुद्दाम चालू करावी लागते. हे ठाऊक नसलेला डेव्हलपर फोनवर तपासून खूश होतो आणि वेबवर अडकतो.

त्या मेसेजला ओळखक्रमांकही लागतो. तो सर्व्हरकडून मागावा, तर रेंज नाही. म्हणून फायरबेसच्या मूळ डेटाबेसची लायब्ररी २० अक्षरांची किल्ली स्वतःच तयार करते. पहिल्या ८ अक्षरांत मिलिसेकंदापर्यंतची वेळ असते, उरलेल्या १२ अक्षरांत यदृच्छ भर. त्यामुळे हजारो फोनांनी एकमेकांना न विचारता किल्ल्या बनवल्या तरी त्या सहसा एकमेकींवर आदळत नाहीत, आणि अक्षरक्रमाने लावल्या की मेसेजही वेळेच्या क्रमाने लागतात. एकाच फोनवर एकाच मिलिसेकंदात दोन मेसेज निघाले, तर यदृच्छ भागात एकाची भर घालून क्रम सांभाळला जातो. वापरणाऱ्याच्या नजरेला कधीच न पडणारी ही कारागिरी फार सुंदर आहे.

‘ऑनलाइन’चा हिरवा ठिपका हे आणखी अवघड काम. बॅटरी संपलेला फोन ‘मी गेलो’ हे सांगणार कसा? म्हणून मूळ डेटाबेसची लायब्ररी, डेव्हलपरने सांगितलं असेल तर, जोडणी होताच सर्व्हरकडे मृत्युपत्रासारखी सूचना लिहून ठेवते: माझा संपर्क तुटला, तर माझ्या नावापुढे ‘ऑफलाइन’ लिहा. फोन गप्प झाल्याचं सर्व्हरला कळलं, की तो ती सूचना अमलात आणतो.

काही गोष्टी मात्र लायब्ररीवर सोडून भागत नाही. एका पोस्टला ४० लाइक्स आहेत आणि दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं. दोन्ही फोनांनी ४० वाचून ४१ लिहिले, तर एक लाइक हरवला. इथे ‘४१ लिही’ असं न सांगता ‘एक वाढव’ असं सांगायला हवं. ही आज्ञा रेंज नसतानाही रांगेत थांबू शकते. आधी वाचून मग लिहिणारं ट्रान्झॅक्शन फायरस्टोअरमध्ये ऑफलाइन असताना सरळ फसतं.

डेटाबेसमधले बदल ऐकायला लावलेले लिसनर काढण्याचंही तसंच. स्क्रीन बंद झाली तरी लिसनर चालू राहिला, तर प्रत्येक बदलाबरोबर डॉक्युमेंट वाचल्याची नोंद होत राहते, आणि फायरस्टोअरचं बिल वाचनांवरही आकारलं जातं.

सर्वांत मोठी जबाबदारी सुरक्षा नियमांची. इथे ॲप थेट डेटाबेसशी बोलतं, मध्ये डेव्हलपरचा स्वतःचा सर्व्हर नसतो. त्यामुळे कोणी काय वाचावं, काय लिहावं हे डेटाबेसच्याच दाराशी ठरवावं लागतं. शिकताना सोयीचा म्हणून निवडलेला ‘टेस्ट मोड’ ते दार सर्वांना उघडं ठेवतो आणि ३० दिवसांनी बंद करतो. ॲप अचानक चालेनासं झालं म्हणून घाईने ती मुदत पुढे ढकलली, की वापरकर्त्यांचे खासगी मेसेज पुन्हा कोणालाही वाचता येतात. त्या ३० दिवसांत नियम लिहून व्हायला हवेत, आणि लॉगिन न करता डेटा वाचून पाहण्याची चाचणीही.