शहराची परीक्षा सांवेरला

नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा इतिहास हा कोणाला फारसा रसाळ विषय वाटत नाही. लढाया, तह आणि राज्यारोहणे यांच्या बखरी झाल्या. झाडू, नाली आणि मैलागाडी यांची बखर लिहावी असे कोणास सुचले नाही. तथापि एखादे शहर कसे नांदले, हे त्याच्या राजवाड्यापेक्षा त्याच्या मोऱ्यांवरून अधिक नेमके कळते, असे आमचे मत आहे. माळव्यातील इंदूर शहराचा या बाबतीतला इतिहास आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत. त्याला कारण आहे. सलग सात वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याच इंदुरातील भागीरथपुरा या वस्तीत २०२५ च्या डिसेंबरअखेर नळाचे दूषित पाणी पिऊन माणसे दगावली आणि शेकडो रहिवासी आजारी पडले. मुख्य जलवाहिनीला लागलेल्या गळतीवाटे मैल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, असे प्रशासनाच्याच तपासात पुढे आले. झाडून लख्ख केलेल्या रस्त्याखाली हे घडले. ते कसे घडू शकले, हे समजावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

होळकरांच्या इंदुरात नगरपालिका स्थापन झाली ती १८७० साली, दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत. त्या काळी नगरपालिकेचे काम म्हणजे रस्ते, दिवे आणि झाडलोट. आरोग्य हे स्वतंत्र काम आहे ही जाणीव आपल्याकडील बहुतेक शहरांना साथींनीच करून दिली. १८९६ साली मुंबईत प्लेग अवतरला आणि रेल्वेच्या वाटेने तो देशभर पसरला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडची नेमणूक झाली. गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, सामान रस्त्यावर फेकले, देवघरेसुद्धा सोडली नाहीत. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी त्याचा शेवट कसा केला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. आरोग्याचे काम दंडुक्याच्या बळावर केले म्हणजे रोगाहून बंदोबस्तच लोकांना अधिक भयंकर वाटू लागतो, हा धडा पुण्याने दिला.

वीस वर्षांनंतर इंदुरातही प्लेगचे भय होतेच. परंतु तेथे वेगळा प्रयोग झाला. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून तेथे आला होता. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून ज्याची नेमणूक झाली, तोच हा गेडिस. त्याने दिवाळीचा सण हाताशी धरला. मिरवणुकीचा ठरलेला मार्ग त्याने बाजूला ठेवला आणि ज्या आळीतील लोक आपली घरे व अंगणे सर्वांत अधिक स्वच्छ करतील त्या आळीतून मिरवणूक जाईल, असे जाहीर केले. घरोघरची अडगळ फुकट उचलून नेण्याची व्यवस्था केली, आणि ती हजारो गाड्या भरून निघाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता; आणि त्या सर्वांच्या जोडीने पांढरेशुभ्र कपडे घातलेले, फुलांनी सजलेले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी त्या राक्षसाचे दहन झाले.

त्या मिरवणुकीतील खरी क्रांती राक्षसाच्या दहनात नव्हती, ती कामगारांच्या त्या स्थानात होती. ज्यांची सावलीही टाळावी अशी रूढी, त्यांना सणाच्या दिवशी शहराने मिरविले. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणारे व मग कीर्तनाला उभे राहणारे गाडगे महाराज त्याच सुमारास महाराष्ट्रात हाच धडा आपल्या परीने देत होते. सार्वजनिक आरोग्याचा पाया ज्यांच्या श्रमांवर उभा आहे, त्यांना अस्पृश्य ठरवून कोणतेही शहर निरोगी होणार नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

गेडिसचा इंदूरविषयक अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नगररचनेच्या अभ्यासकांत तो आजही आदराने वाचला जातो. त्यातील एक विचार आज पुन्हा आठवावा असा आहे. पाश्चात्त्य धर्तीची खर्चिक गटारयोजना करून मैला नदीत वा नदीच्या खालच्या अंगाला नेऊन सोडणे त्याला मान्य नव्हते. शहरातील मैला मातीला परत मिळाला पाहिजे, त्यावर बागा फुलल्या पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. लंडनने १८६० च्या दशकात प्रचंड गटारे बांधून आपली घाण टेम्सच्या खालच्या अंगाला, बार्किंग व क्रॉसनेस येथे नेऊन सोडली होती. शहर वाचले, हे खरे. पण घाण नाहीशी झाली नव्हती, तिचा पत्ता तेवढा बदलला होता. ही चूक इंदुरात होऊ नये, अशी गेडिसची तळमळ होती.

त्या विचाराला पुढे इंदुरातच शास्त्रीय रूप मिळाले. १९२४ साली तेथे निघालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत ॲल्बर्ट हॉवर्ड आणि त्याचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली या दोघांचे पुस्तक निघाले आणि ती रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. १९३४ साली जॅक्सन व वाड यांनी वस्तीतील मैला व केरकचरा यांचीही विल्हेवाट याच रीतीने लावता येते, हे दाखविणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. कचऱ्याला संपत्ती म्हणण्याची चाल अलीकडे फार पडली आहे. इंदूरने तो विचार नव्वद वर्षांपूर्वी करून दाखविला होता. एका मराठी रसायनशास्त्रज्ञाचा त्यात निम्मा वाटा होता, याचा आम्हांस विशेष अभिमान वाटतो.

दुर्दैवाने स्वातंत्र्यानंतर शहर ज्या झपाट्याने वाढले त्या झपाट्याने हा विचार वाढला नाही. गिरण्यांचे, व्यापाराचे इंदूर फुगत गेले. १९५६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाणी इतके अपुरे पडू लागले की १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी नागरिकांनी मोठे आंदोलन केले, आणि १९७८ साली ते पाणी शहरात पोहोचले. डोंगर चढवून आणलेल्या त्या पाण्याचे इंदूरकरांनी उत्सवाने स्वागत केले. येथे एक साधा हिशेब मात्र नजरेआड झाला. जेवढे पाणी शहरात येते, त्यातील बहुतांश सांडपाणी होऊन बाहेर जाते. येणाऱ्या पाण्यासाठी आंदोलने होतात. जाणाऱ्या पाण्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही. खान आणि सरस्वती या शहरातील दोन नद्या पाहता पाहता गटारे झाल्या.

१९८९ पासून पुढे ब्रिटिश सरकारच्या मदतीने एक मोठी योजना झाली. झोपडपट्ट्या बहुधा नाल्यांच्या काठी असतात. तेव्हा त्या वस्त्यांतूनच मैलावाहिन्यांचे जाळे न्यावे, घरोघर शौचालय जोडून द्यावे आणि त्यायोगे वस्ती व नदी दोन्ही सुधाराव्यात, अशी अभियंता हिमांशू पारीख यांची कल्पना होती. कल्पना उत्तम होती. तिला १९९८ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. परंतु योजना इंदूर विकास प्राधिकरणाने केली आणि पुढची देखभाल महानगरपालिकेच्या गळ्यात पडली. काही वर्षांतच अनेक ठिकाणी वाहिन्या तुंबल्या आणि मैला पुन्हा वस्तीत आला, अशी टीका अभ्यासकांनी केली. पुरस्काराचे मानपत्र भिंतीवर राहिले आणि जमिनीखालची नळी विस्मरणात गेली. भागीरथपुऱ्याची गोष्ट समजून घ्यावयाची तर हे प्रकरण विसरून चालणार नाही.

इंदूरचे अलीकडील यश खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. २०१७ पासून सात वर्षे पहिला क्रमांक टिकविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय लाखो कुटुंबांना लागली. देवगुराड्याचा कचऱ्याचा जुनाट डोंगर हटविण्यात आला. २०२२ च्या फेब्रुवारीत ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा, रोज ५५० टनांचा प्रकल्प सुरू झाला. सकाळी गाडीचे गाणे ऐकू येताच दोन वेगळ्या बादल्या घेऊन दारात उभी राहणारी गृहिणी ही गेडिसच्या मिरवणुकीची खरी वारस आहे. लोक सहभागी झाले म्हणून हे यश मिळाले. २०२१ साली तर सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दल देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर हा किताबही इंदूरला मिळाला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी भागीरथपुऱ्यात जे घडले, ते म्हणूनच अधिक झोंबते.

याचा अर्थ आम्ही असा लावतो. कचरा डोळ्यांना दिसतो, त्याचा वास येतो, त्याची छायाचित्रे निघतात; म्हणून त्यावर लोकमत जागे होते आणि अधिकारीही तत्पर राहतात. जलवाहिनी जमिनीखाली असते, तिचा सांधा कुजला तरी कोणाला दिसत नाही. नळाला गढूळ पाणी येते म्हणून गरीब वस्तीतील माणूस तक्रार करतो. ती तक्रार हीच त्या आंधळ्या नळीची एकमेव दृष्टी असते. ती फायलीत पडून राहिली की रोगाचा मार्ग मोकळा होतो. घटना घडून गेल्यावर अधिकाऱ्यांवर कारवाई झाली खरी, परंतु आरोग्य खात्याचे काम दुर्घटनेनंतर सुरू होत नाही, तक्रारीच्या दिवशी सुरू होते.

आता सांवेरविषयी. इंदूर-उज्जैन रस्त्यावर साधारण मध्यावर असलेले हे तालुक्याचे गाव. उलट्या हनुमानाच्या देवळामुळे भाविकांना ते ठाऊक आहे. इंदुरातून निघालेली खान नदी, जिला आता कान्ह म्हणतात, सांवेर तालुक्यातून उत्तरेस जाते आणि उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. इंदूरने जे आपल्या अंगणाबाहेर लोटले, ते सांवेरच्या शेतकऱ्याच्या बांधाला लागते. तेथील नगर परिषद लहान, तिचा आरोग्य विभाग त्याहून लहान; वरच्या महानगराला जाब विचारण्याचे बळ तिच्यापाशी कोठून असणार? उज्जैनची गोष्ट निराळी. तेथे सिंहस्थ भरतो, कोट्यवधी भाविक स्नानाला येतात. म्हणून २०१६ च्या सिंहस्थासाठी खानचे पाणी नळातून वळवून घाटांच्या पुढे नेऊन सोडण्यात आले, आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी तिला बंद कालव्यातून नेण्याची आणखी मोठी योजना हाती घेण्यात आली. यात्रेकरूच्या स्नानाची काळजी घेतली, हे योग्यच झाले. पण नदी वळविणे म्हणजे नदी शुद्ध करणे नव्हे. शंभर वर्षांपूर्वी गेडिस ज्याविरुद्ध सांगत होता तेच हे, घाणीचा पत्ता बदलणे.

आमच्या मते कोणत्याही शहराच्या आरोग्य खात्याची परीक्षा त्याच्या चौकात घेऊ नये. ती त्याच्या खालच्या अंगाच्या पहिल्या गावात घ्यावी. इंदूरची परीक्षा सांवेरला व्हावी. आणि हा न्याय दूरच्या माळव्यापुरता ठेवण्याचे कारण नाही. आमच्या गोव्याने तर रोगराईपायी एक अख्खी राजधानी गमावली. जुन्या गोव्याच्या विहिरींत मैला झिरपत राहिला, साथींमागून साथी आल्या, माणसे पांगली, आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. एवढा धडा पदरी असताना आज आपण काय करीत आहोत? मडगावच्या सोनसोड्यावर कचऱ्याचा डोंगर उभा राहिला, तो वर्षानुवर्षे सर्वांनी पाहिला. साळ नदी मडगावच्या बाजूने घाण घेऊन खाली उतरते आणि बेतूलला समुद्राला मिळते. वाटेवरचा मच्छीमार त्या पाण्यात जाळे टाकतो. मडगावची परीक्षा बेतूलला, पणजीची परीक्षा सांतिनेजच्या ओहळाच्या मुखाशी, असे मानण्याची आपली तयारी आहे काय?

तयारी असेल तर करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल प्रभागवार दर आठवड्याला फलकावर लावावेत. नव्या योजनेला जेवढा पैसा मंजूर होतो, त्याबरोबरच तिच्या दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा बाजूला काढून ठेवावा. गटारात उतरणाऱ्या कामगाराला यंत्र व संरक्षण दिल्यावाचून कामाला लावू नये. आणि शहराच्या सांडपाण्यावर निर्णय घेणाऱ्या समितीत नदीच्या खालच्या गावाचा एक प्रतिनिधी हक्काने बसवावा. इंदुरात सांवेरचा माणूस बसावा, मडगावात असोळणे-बेतूलचा. शहरे स्वच्छ ठेवण्याचे पुरस्कार दिल्लीत वाटले जावोत, आमची तक्रार नाही. त्या पुरस्कारांच्या गुणपत्रिकेवर सांवेरच्या शेतकऱ्याची सही असावी, एवढेच आमचे मागणे आहे.