हँक द काउडॉग : बालविनोदातील निवेदक आणि प्रदेश

प्राण्यांना वाचा देणारी कथा भारतीय परंपरेला नवी नाही. पंचतंत्रातील कोल्हा, सिंह, माकड हे बोलतात ते प्रामुख्याने नीतीच्या प्रतिपादनासाठी. त्यांचे प्राणीपण हे बहुधा एक सोयीचे आवरण असते. अमेरिकेतील टेक्सस राज्याचे लेखक जॉन आर. एरिक्सन (जन्म १९४३) यांच्या ‘हँक द काउडॉग’ या बालपुस्तकमालेतील कुत्रा मात्र नीतीचा वाहक नाही. तो गुरांच्या कुरणावर राहतो, गोणपाटावर झोपतो, स्वतःला त्या कुरणाच्या सुरक्षाव्यवस्थेचा प्रमुख म्हणवतो आणि आपली कथा आपल्याच तोंडाने सांगतो. ती तो चुकीची सांगतो, हे या मालेच्या विनोदाचे मूळ होय. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या मालेत सत्तरहून अधिक पुस्तके प्रसिद्ध झाली आहेत. तिच्यातील विनोदाची घडण, त्यामागील प्रादेशिक अधिष्ठान आणि मराठीच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचा विचार येथे केला आहे.

एरिक्सन यांचे बालपण टेक्ससच्या उत्तर टोकावरील पॅनहँडल या भागातील पेरीटन गावी गेले. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात आणि नंतर हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिक्षण घेतल्यावर ते आपल्या प्रदेशात परतले. आठव्या दशकात त्यांनी प्रत्यक्ष काउबॉय म्हणून आणि कुरणाचे व्यवस्थापक म्हणून काम केले. या अनुभवावर त्यांनी आधी प्रौढांसाठी ‘पॅनहँडल काउबॉय’ (१९८०) आणि ‘द मॉडर्न काउबॉय’ (१९८१) ही माहितीपर पुस्तके लिहिली. प्रकाशकांकडून वारंवार नकार आल्यानंतर १९८२ मध्ये त्यांनी उसन्या पैशांवर ‘मॅव्हरिक बुक्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. मॅव्हरिक म्हणजे मालकाच्या खुणेचा डाग अद्याप न दिलेले वासरू. संस्थेचे नावच अशा रीतीने कुरणावरून आले होते.

हँक हे पात्र प्रथम अवतरले ते बालसाहित्यात नव्हे. पशुपालकांसाठीच्या ‘द कॅटलमन’ या नियतकालिकातील एका कथेत ते आले आणि त्याचा पहिला वाचक हा प्रौढ पशुपालक होता. या वाचकाला कुरणावरील दिनक्रम पाठ होता. त्याला खोटा काउबॉय दाखविणे शक्य नव्हते. मुले या वाचकवर्गात आली ती घराघरांतील प्रकट वाचनातून. त्यामुळे या पुस्तकांत मुलासाठी एक विनोद आणि वाचून दाखविणाऱ्या पालकासाठी दुसरा, असे दोन थर कायम राहिले. पुढे एरिक्सन यांनी स्वतःच्या आवाजात, निरनिराळ्या पात्रांचे स्वर काढीत आणि गाणी म्हणत या पुस्तकांची ध्वनिमुद्रणे केली, तीही याच मौखिक वृत्तीची खूण होय.

कथांचा प्रदेश ठळक आहे. पॅनहँडल हा विस्तीर्ण गवताळ पठाराचा, मध्येच खोल घळींनी चिरलेला, कमी पावसाचा भाग आहे. येथील ‘रँच’ म्हणजे आपल्याकडील शेत नव्हे आणि गोठाही नव्हे. मैलोगणती पसरलेले, तारेच्या कुंपणाने वेढलेले ते चराऊ रान असते. गुरे हाकणे, हिवाळ्यात वैरण पोचविणे, कुंपणे दुरुस्त करणे ही तेथील नित्याची कामे. हँकच्या जगात मालक हाय लोपर, त्याची पत्नी सॅली मे, त्यांचा मुलगा आल्फ्रेड आणि स्लिम चान्स हा अविवाहित, आळसट पण कनवाळू काउबॉय ही माणसे आहेत. ड्रोव्हर हा भित्रा सहकारी कुत्रा, पीट हे धूर्त मांजर, वॉलेस आणि ज्युनियर ही गिधाडे, रिप आणि स्नॉर्ट हे कायोटी, म्हणजे तेथील रानकुत्रे, ही प्राणिपात्रे आहेत. मानवी पात्रांना हँकची भाषा कळत नाही. ही मर्यादा लेखक पाळतो आणि तिच्यातूनच पुष्कळसे गैरसमज उद्भवतात.

विनोदाचे मुख्य साधन म्हणजे अविश्वसनीय निवेदक. आकाशातून विमान जाते. हँकच्या लेखी तो रुपेरी राक्षसी पक्षी असतो. तो जिवाच्या आकांताने भुंकतो, विमान आपल्या वाटेने निघून जाते आणि हँक शत्रू परतवल्याची नोंद करतो. घटना आणि तिचा अर्थ यांतील हे अंतर वाचणाऱ्या मुलाला भरून काढावे लागते. एरवी मोठ्यांच्या जगात सर्वांत कमी जाणणारे म्हणून गणले जाणारे मूल येथे निवेदकाहून अधिक जाणते ठरते. हे जाणतेपण त्याला कोणी शिकवीत नाही. ते वाचनाच्या क्रियेतच त्याला गवसते. वाचनाकडे न वळणाऱ्या मुलांना ही माला धरून ठेवते, त्याचे एक कारण येथे आढळते.

या तंत्राशी मराठी वाचक अपरिचित नाही. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचे चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतात आणि त्यांच्या निरागस कथनातून वाचकाला त्यांच्याहून अधिक दिसते. फरक असा की, चिमणरावांचे निवेदन भिडस्त मध्यमवर्गीयाचे आहे, तर हँकचे बढाईखोर अधिकाऱ्याचे. गुंड्याभाऊंच्या धडाडीपुढे चिमणराव झाकोळतात. उलट ड्रोव्हरच्या भित्रेपणामुळे हँकला आपण शूर असल्याचा भास टिकविता येतो. संकट येताच ड्रोव्हरचा पाय दुखू लागतो. हँकचे शब्द तो अक्षरशः घेतो आणि दोघांचे संभाषण सरकारी चौकशीच्या विडंबनाचे रूप धारण करते.

विनोदाखाली गंभीर आशयही आहे. पहिल्या पुस्तकात कोंबडीच्या हत्येचा आळ आल्याने हँक आपले पद सोडतो, रागाच्या भरात कायोटींना जाऊन मिळतो आणि अखेर त्याला निवड करावी लागते : नवे मित्र की जुने घर? बढाईखोराची निष्ठा येथे प्रथमच कसोटीला लागते. शब्दांत फसवा असणारा हँक कृतीत सहसा खरा ठरतो आणि म्हणूनच त्याच्यावर हसणारे मूल त्याचा तिरस्कार करीत नाही. मार्च २०१७ मध्ये पॅनहँडलमधील वणव्यात एरिक्सन यांचे राहते घर जळाले; त्यानंतर २०१८ मध्ये मालेत वणव्यावरील एक पुस्तक आले. हसविणाऱ्या मालेला आपल्या प्रदेशातील भीती वर्ज्य नव्हती, हे त्यावरून दिसते.

मालेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. कथानकाचे साचे पुन्हा पुन्हा येतात. सॅली मे बहुधा अंगण, स्वयंपाकघर आणि मुले यांच्या चौकटीत दिसते. कायोटींची मोडकीतोडकी इंग्रजी जुन्या वेस्टर्न चित्रपटांनी मूळ अमेरिकनांच्या तोंडी घातलेल्या भाषेची आठवण करून देते. प्रौढ वाचकाने हे लक्षात घेऊनच पुस्तक मुलाच्या हाती द्यावे हे बरे.

अशी माला मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे खरी अडचण शब्दांची नाही. ‘रँच’ला ‘कुरण’ म्हणता येईल, हँकची गोणपाटाची शेज तर मराठीत आयतीच आहे. अडचण निवेदकाच्या सुराची आहे. हँकची फुशारकी, त्याच्या चुकलेल्या म्हणी आणि पदाचा तोरा हे सारे बोलीच्या चढउतारांवर उभे आहे. प्रमाण मराठीत ते उतरविले तर कथानक उरेल, कुत्रा हरवेल. धनगराच्या वाड्यावर मेंढरे राखणाऱ्या कुत्र्याला आपल्या पदाविषयी काय वाटत असेल, हा प्रश्न जो अनुवादक आधी स्वतःला विचारील, त्याला हा सूर सापडण्याची शक्यता अधिक. एरिक्सन यांनी बालविनोदाचे साहित्य दूर शोधले नाही. ज्या कामाची धूळ त्यांच्या अंगावर होती, त्यातूनच ते घेतले. मराठी बालसाहित्याने या मालेकडून घ्यावे असे ते हेच.