पोरासोरांना सरदारी मान

मेक्सिकोतली आई पोरांना जेवायला हाक मारते तेव्हा त्यांना ‘उस्तेदेस’ म्हणते. माद्रिदमधली आई म्हणते ‘बोसोत्रोस’. भाषा दोघींची स्पॅनिशच, अर्थही एकच: तुम्ही. पण मेक्सिकोतल्या आईच्या तोंडी जो शब्द आहे, तो मुळात मोठ्या लोकांसाठी राखलेला मान!

लॅटिनमधलं ‘वोस’ म्हणजे तुम्ही सगळे. पुढे आपल्या ‘तुम्ही’सारखंच ते एकट्या माणसालाही आदरानं म्हटलं जाऊ लागलं. मग खरोखरच पुष्कळजण समोर असतील तर? स्पेनमध्ये ‘वोस’चं ‘बोस’ झालं होतं, त्याला ‘ओत्रोस’, म्हणजे ‘इतर’, जोडून ‘बोसोत्रोस’ झालं. इकडे ‘बोस’ ज्याच्या त्याच्या तोंडी गेलं आणि त्यातला मान ओसरला. तेव्हा नवं संबोधन पुढे आलं, ‘बुएस्त्रा मेर्सेद’, आपली कृपा. तेही बोलून बोलून झिजलं आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘उस्तेद’ होऊन बसलं, अनेकांसाठी ‘उस्तेदेस’. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती क्रियापदाची. समोरच्याशी बोलतानाही ते तृतीय पुरुषातच येतं, जसं पुढ्यात उभ्या असलेल्यालाच विचारावं, ‘सरकार येणार का?’ कृपेची आठवण कुणाला राहिली नाही, क्रियापदानं मात्र अदब सोडली नाही.

स्पेनच्या बऱ्याच भागात मित्रांना ‘बोसोत्रोस’ आणि परक्या-वडीलधाऱ्यांना ‘उस्तेदेस’ हा भेद टिकून आहे. लॅटिन अमेरिकेत तो पुसला गेला. तिथे मित्र, मुलं, मंत्री, सगळेच ‘उस्तेदेस’. ‘बोसोत्रोस’ उरलं ते प्रार्थनेत आणि जुन्या भारदस्त भाषणांत. कॅनरी बेटांवरही बहुतेक ठिकाणी ‘उस्तेदेस’च. पश्चिम अँदालुसियातल्या, म्हणजे सेव्हिल-कादिझकडच्या बोलीत तर सर्वनाम ‘उस्तेदेस’ आणि क्रियापद ‘बोसोत्रोस’चं! शाळेत ही चूक ठरते. मला तिच्यात बदलाच्या वाटेवर असलेली भाषा प्रत्यक्ष दिसते.

1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू आपली स्पॅनिश घेऊन इस्तंबूल, सालोनिकाकडे गेले. ‘उस्तेद’ तेव्हा जन्मलाच नव्हता, म्हणून त्यांच्या लादिनो भाषेत तो आला नाही. वडीलधाऱ्यांना ते जुन्या ‘बोस’नंच मान देत राहिले. आणि ब्युनोस आयर्समध्ये हेच ‘बोस’ आज जिवलग मित्राला, भावंडाला, प्रेयसीला म्हणतात.