गाडी ऑइल किती खाते, त्याचा हिशोब

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे काय बाईमाणसांचं काम? पण आता आपल्या भागात गटाच्या किंवा गटातल्या घरच्या पिकअप गाड्या बऱ्याच दिसतात. कुणी हापूसच्या पेट्या वाशीला पाठवतं, कुणी काजू बी, कोकम, मच्छी नेतं, कुणी आठवडा बाजाराला भाजी. २०१७ पासून उमेदच्या अभियानात आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आली, त्यातूनही काही ठिकाणी गटांनी प्रवासी गाड्या घेतल्या. गाडी चालवायला दादा असतो, पण कर्ज गटाच्या नावावर असतं. हप्ता आपण भरतो. मग गाडीच्या पोटात काय चाललंय, ते आपल्याला कळायला नको?

डिझेलचा हिशोब सगळे ठेवतात, कारण त्याचे पैसे रोज जातात. इंजिन ऑइलचा हिशोब कुणी ठेवत नाही. एकदा बदललं की पुढच्या बदलापर्यंत विसरून जायचं, असा समज आहे. इंजिन ऑइल थोडंफार खाणारच. पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो, त्यातला थोडा भाग दर फेरीला जळतो. तेव्हा ऑइल खाल्लं, हा गाडीचा गुन्हा नाही. किती खाल्लं आणि गेल्या महिन्यापेक्षा जास्त खाल्लं का, हे प्रश्न आपण विचारायचे.

आधी ऑइल बघायचं कसं ते सांगते. इंजिनाच्या बाजूला कडी असलेली एक लांब काडी असते. गॅरेजात तिला डिपस्टिक म्हणतात, काहीजण गेज म्हणतात. तिच्या टोकाकडे दोन खुणा असतात, वरची आणि खालची. सकाळी गाडी चालू करायच्या आधी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची काडी ओढून काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर विश्वास ठेवू नका, कारण ऑइल वरपर्यंत उडालेलं असतं. गाडी नुकतीच बंद केली असेल तर दहा मिनिटं थांबा, ऑइल खाली चेंबरमध्ये उतरू द्या. काही गाड्यांच्या पुस्तकात इंजिन गरम असताना बघायला सांगितलेलं असतं. तसं असेल तर तसं बघा, पण दर वेळी एकाच पद्धतीने बघा. एकदा थंड, एकदा गरम असं केलं तर आकडे जुळणार नाहीत.

आपल्या कोकणात आणखी एक पंचाईत आहे, ती म्हणजे सपाट जागा. घर उतारावर, अंगण उतारावर, वाडीचा रस्ता तर विचारूच नका. उतारावर उभ्या गाडीचं ऑइल एका बाजूला जातं आणि काडी खोटं बोलते. म्हणून शाळेचं पटांगण, देवळासमोरची मोकळी जागा, पेट्रोल पंप, यातली एक जागा ठरवा आणि कायम तिथेच बघा.

ऑइल दोन खुणांच्या मध्ये कुठेही असलं तरी गाडी चालते. पण आपल्याला नुसतं ‘आहे’ एवढं कळून चालणार नाही. मध्येच कुणी अर्धा लिटर ओतलं आणि लिहून ठेवलं नाही, तर काडी बघून सगळं ठीक वाटतं आणि गाडीने काय खाल्लं ते कधीच कळत नाही. आपल्या गटाच्या रोकड वहीत कुणी मध्येच पैसे भरले आणि नोंद केली नाही, तर शिल्लक बरोबर दिसेल का? तसंच आहे हे. सुरुवातीची शिल्लक, मधली भर आणि शेवटची शिल्लक, एवढं माहीत असेल तर खर्च कळतो.

त्यासाठी एक शंभर पानी वही गाडीत ठेवा. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, काडीवर ऑइल कुठे होतं, किती घातलं, कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या नंबरचं घातलं, आणि सही. पहिली नोंद ऑइल बदललं त्या दिवशीची. तेव्हा नवीन फिल्टरही ऑइल पितो, म्हणून इंजिन एक-दोन मिनिटं चालवून, बंद करून, थांबून मग काडी बघायची आणि वरच्या खुणेपर्यंत भरून घ्यायचं. पुढे ऑइल घालताना मापून घालायचं. लिटरच्या डब्याच्या कडेला खुणा असतात, नाहीतर एक मापाचा ग्लास ऑइलसाठी बाजूला काढा. तो परत स्वयंपाकघरात आणू नका.

हिशोब कसा निघतो, त्याचं एक उदाहरण देते. समजा ४२,३०० किलोमीटरला ऑइल बदललं. ४४,८०० ला काडी खाली उतरलेली दिसली आणि वरच्या खुणेपर्यंत यायला ५०० मिलिलिटर लागलं. म्हणजे २,५०० किलोमीटरला अर्धा लिटर, हजाराला २०० मिलिलिटर. नंतर ४६,४०० ला परत ५०० लागलं. या वेळी १,६०० किलोमीटरच झाले, म्हणजे हजाराला ३१० च्या आसपास. त्यानंतर ४७,४०० लाच पुन्हा ५०० लागलं. आता हजाराला अर्धा लिटर झालं. दर वेळी ओतलं अर्धाच लिटर, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं नेहमीसारखंच आहे. वही सांगते की खाणं अडीच पट झालं. मेस्त्रीकडे जायची वेळ तिसऱ्या नोंदीला नाही, दुसऱ्या नोंदीलाच आली होती.

चांगलं किती आणि वाईट किती, याचा एक आकडा सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. गाडीच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असेल तर ती बघा. मला विचाराल तर त्या मर्यादेपेक्षा आपल्याच गाडीचे मागचे आकडे जास्त खरं सांगतात. नवीन गाडी सुरुवातीला थोडं जास्त खाते, मग स्थिरावते. स्थिरावलेली गाडी अचानक वाढली तर कारण शोधायचं.

कधी कधी बघायचं? एरवी आठवड्यातून एकदा पुरे. आंब्याच्या सीझनमध्ये ते पुरत नाही. रत्नागिरीहून वाशीला जाऊन-येऊन सातशे किलोमीटरच्या आसपास होतात. आठवड्याला तीन फेऱ्या झाल्या तर दोन हजारांवर किलोमीटर गेले. दहा हजारांवर ऑइल बदलायचं असेल तर ते पाच आठवड्यांत भरतात. ‘अजून दोन महिने पण नाही झाले’ असं म्हणून चालणार नाही, मीटर बघा. एप्रिल-मेमध्ये दर फेरीच्या आधी काडी काढा. भरल्या गाडीने आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढायचा असेल तर नक्कीच. ऑइल कमी असेल तर वळणावर आणि चढावर ते चेंबरमध्ये एका बाजूला जातं, पंपाला ऑइलऐवजी हवा मिळते आणि बेअरिंग कोरडी पडतात.

इथे एक गैरसमज मोडायचा आहे. ‘कमी झालं तर लाल दिवा लागेलच की’ असं पुष्कळ जण म्हणतात. समोरचा किटलीसारखा लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नाही. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. वळणावर क्षणभर जरी लुकलुकला तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असं म्हणत चालवली तर इंजिन जाम होतं, आणि मग इंजिन बांधायचा खर्च गटाचे कित्येक हप्ते गिळतो. सीझनमध्ये गाडी उभी राहिली तर पेट्या कुणाच्या गाडीतून पाठवायच्या, हा प्रश्न वेगळाच.

ऑइल जातं कुठे, तर गळून तरी जातं, नाहीतर जळून. गळती बघायला रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुना वर्तमानपत्राचा कागद पसरा. पुढे इंजिनाखाली काळा डाग असेल तर इंजिन ऑइल: चेंबरचा नट, पॅकिंग, फिल्टर किंवा ऑइल सील. मागच्या चाकांच्या मध्ये डाग असेल तर ते डिफरन्शियलचं ऑइल, त्याचा या हिशोबाशी संबंध नाही. हिरवट किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट. पावसाळ्यात थेंब धुऊन जातात, म्हणून छपराखालीच बघा.

जळत असेल तर धूर सांगतो. सकाळी चालू करताना निळसर धुराचा एक झोत येऊन थांबत असेल तर बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या सीलचं काम असतं. चढावर जोर दिला की सतत निळसर धूर येत असेल तर रिंगा किंवा टर्बो बघायला हवा. काळा धूर वेगळा, तो नीट न जळलेल्या डिझेलचा, तिथे आधी एअर फिल्टर तपासा. टर्बोच्या गाडीने घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, तोवर टर्बो थोडा निवतो.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत ते लवकर काळं होतंच. घाबरायचं ते पातळी वाढली तर. न घालता काडीवर ऑइल चढलं, तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी, आणि गाडी तिथेच थांबवा. पावसाळ्यात गाडी फक्त बाजारापर्यंत जाऊन-येऊन करते, इंजिन नीट तापत नाही, तेव्हा थोडं डिझेल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये साचतं. काडी महिनाभर हलत नाही आणि आपल्याला वाटतं गाडी काहीच खात नाही. मग एक लांब फेरी झाली की ते उडून जातं आणि पातळी एकदम उतरते. अशी नोंद दिसली तर शेजारी ‘पावसाळा, छोट्या फेऱ्या’ असं लिहून ठेवा, म्हणजे उगाच धावपळ होणार नाही.

वरच्या खुणेच्या वर कधीच भरू नका. ‘जास्त घातलं म्हणजे जास्त दिवस’ हा आमटीत पाणी वाढवण्याचा हिशोब इथे चालत नाही. जास्तीचं ऑइल घुसळून फेसाळतं, सीलमधून बाहेर ढकललं जातं. ऑइल कुठलं घालायचं तेही पुस्तकातूनच घ्या. जुन्या डिझेल गाड्यांना साधारण १५डब्ल्यू-४० चालतं, पण बीएस-६ गाड्यांच्या धुराच्या फिल्टरला कमी राखेचं ऑइल लागतं. सुटं, ड्रममधलं ऑइल नको. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगा आणि बिल वहीत लावा.

वही ठेवली की चालवणाऱ्या दादाला वाटतं आपल्यावर संशय घेताहेत. तो बहुतेक वेळा कुणाचा तरी नवरा, दीर किंवा भाचा असतो, त्यामुळे विषय नाजूक होतो. त्याला सांगा, नोंद तूच कर, आम्ही मासिक सभेत वाचू. उद्या इंजिनात बिघाड निघाला तर ‘याने ऑइलच बघितलं नाही’ असा आरोप त्याच्यावर येणार नाही, ही वहीच त्याच्या बाजूने बोलेल. मेस्त्रीकडे जातानाही वही न्या. ‘ऑइल खातेय’ एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने इंजिन खोलेल. आकडे दाखवले तर आधी बाहेरची गळती बघेल.

काढलेलं जुनं ऑइल मात्र गॅरेजातच द्या. कुंपणाच्या खांबांना लावायला म्हणून कॅन घरी आणतात, आणि उरलेलं परड्यात ओततात. आपला जांभा दगड भोकाभोकांचा आहे, वर ओतलेलं खाली विहिरीपर्यंत जायला वेळ लागत नाही. हाताला लागलं तर साबणाने धुवा, ते ऑइल कातडीला चांगलं नाही.