प्रेक्षकाच्या हातातील कात्री

१९९९ साली जॉर्ज लुकास यांचा ‘द फॅन्टम मेनेस’ पडद्यावर आला आणि सोळा वर्षे ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या पुढील चित्रपटाची वाट पाहणाऱ्या कित्येक चाहत्यांचा विरस झाला. बहुतेकांनी चडफडण्यावर समाधान मानले. अमेरिकेतील एका संकलकाने मात्र चित्रपट घरच्या संगणकावर उतरवून त्याला कात्री लावली. जार जार बिंक्स या विदूषकाच्या मर्कटचेष्टा छाटल्या, बालनायकाचे चीत्कार कमी केले, एका गूढ शक्तीला रक्तातील सूक्ष्म जीवांचे ठिगळ लावणारे संवाद गाळले. सुमारे वीस मिनिटांनी आटोपशीर झालेली ही ‘फॅन्टम एडिट’ २००१ साली व्हिडिओ कॅसेटींवरून हातोहात फिरली. कथा तीच, नट तेच. पण रेंगाळणारा चित्रपट चालू लागला.

ही चोरी की निर्मिती? कायद्याच्या दृष्टीने हक्क दुसऱ्याचा, परवानगी नाही. उत्तर सरळ आहे. कलेच्या दृष्टीने ते तितके सरळ नाही. संकलन म्हणजे केवळ काटछाट नव्हे. कोणते दृश्य कोणत्या दृश्यानंतर यावे आणि किती वेळ टिकावे, यावरच चित्रपटाचा अर्थ ठरतो. १९३६ साली न्यूयॉर्कच्या जोसेफ कॉर्नेलने ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ या सामान्य बोलपटाची जुनी प्रत कापून, कथानक वगळून, रोझ हॉबर्ट या नटीच्या हालचाली तेवढ्या ठेवल्या आणि निळ्या काचेतून त्या पडद्यावर दाखवल्या. आपल्या मनातली कल्पनाच याने पळवली, म्हणून साल्व्हादोर दालीने त्या खेळात थयथयाट केला, असे सांगतात. मूळ बोलपट विस्मृतीत गेला. कॉर्नेलची ही कृती २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत दाखल झाली. मराठी माणसाला तरी यात अपूर्वाई वाटू नये. रात्र रात्र चालणाऱ्या संगीत नाटकांच्या आटोपशीर रंगावृत्त्या पुढच्या पिढ्यांनी केल्याच, आणि त्यामुळे मूळ संहिता काही नष्ट झाली नाही.

दिग्दर्शकाच्या कृतीला परक्याने हात लावणे हा तिचा अवमान आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. पण त्याचा रोख चुकीच्या माणसाकडे वळतो. १९८८ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे लुकास यांनीच जुन्या चित्रपटांत फेरफार करणाऱ्यांचा कडक शब्दांत निषेध केला होता. १९९७ साली त्याच लुकासनी आपल्या पहिल्या तीन चित्रपटांत नवी दृश्ये घुसडली आणि त्यानंतर मूळ रूप चांगल्या दर्जात घरी पाहणे दुरापास्त झाले. ते पुन्हा उभे केले एका चाहत्याने. चेक प्रजासत्ताकातील एका शिक्षकाने निरनिराळ्या प्रती जुळवून, चौकट चौकट दुरुस्त करून, २०११ पासून ‘डीस्पेशलाइज्ड’ आवृत्त्या सिद्ध केल्या. येथे कर्त्यानेच झाकलेली कृती चाहत्याने जपली, हे विसरता येत नाही.

चाहत्याची आवृत्ती मूळ कृतीच्या शेजारी उभी राहते. दोन्ही पाहून निवाडा करता येतो. सगळीच फेरसंकलने चांगली असतात असे मुळीच नाही, पुष्कळशी बालिश असतात. पण ‘हे दृश्य लांबले’ असे लिहिणाऱ्या समीक्षकाला ते सिद्ध करून दाखवावे लागत नाही. फेरसंकलकाला लागते, आणि तो चुकला तर तेही लगेच दिसते.

मालकाने केलेला बदल वेगळा असतो, कारण तो मूळ नावानेच चित्रपटगृहात येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती यंत्रबुद्धीच्या साहाय्याने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. नायक मरण्याऐवजी जगला. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर निषेध केला, नायकाची भूमिका करणाऱ्या धनुषनेही केला. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कर्त्याला कृतीच्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे. मात्र चित्रपटाचा कर्ता म्हणून तो कायदा निर्मात्यालाच ओळखतो. दिग्दर्शकाचे त्यात नाव नाही.